कुंभारीण माशी आणि तुंबलेली नाली

खिडकीखाली भिंत. भिंतीवर मातीचं घर.

घर कुणाचं? कुंभारीण माशीचं.

इवलीशी माशी. काळी काळी. कंबर दोऱ्याएवढी. पाय पिवळे. ती तोंडात चिखल आणायची. गोळा करायची. भिंतीवर लिंपायची. गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण.

तिनं एक खोली बांधली. आत एक बाळ ठेवलं. दार लिंपलं.

दुसरी खोली बांधली. आत एक बाळ ठेवलं. दार लिंपलं.

तिसरी खोली बांधली. आत एक बाळ ठेवलं. दार लिंपलं.

मग बरीच खाली, चौथी खोली बांधली. ती अजून रिकामीच होती.

पाऊस आला. रपरप रपरप. दोन दिवस पडला. मग थांबला.

पाऊस थांबला, पण पाणी काही गेलं नाही. ते भिंतीच्या पायाशी बसून राहिलं. भिंत पाणी प्यायली. खालून वर, खालून वर ओल चढली. ओल चौथ्या खोलीला लागली.

थप्प!

चौथी खोली पडली. तिचा चिखल झाला.

माशी घाबरली. तिनं वर पाहिलं. वर तीन खोल्या, तीन बाळं. तिनं खाली पाहिलं. खाली ओल. मध्ये जागा किती?

पाच बोटं. फक्त पाच बोटं.

"ओल वर आली तर?" माशी म्हणाली. "माझी बाळं पडतील! मला कुणीतरी मदत करा!"

गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण. माशी गेली भिंतीकडे.

"भिंतीबाई, भिंतीबाई, कोरडी हो!"

"का गं?"

"माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

भिंत म्हणाली, "मी काय करू? माझ्या पायाशी पाणी बसलंय. पाय गार पडलेत माझे. दोन दिवस शिंकतेय मी. आक्छी! पाणी जाईल तर मी सुकेन. नाहीतर नाही. जा, पाण्याला सांग."

ओल एक बोट वर चढली. राहिली चार बोटं.

गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण. माशी गेली पाण्याकडे.

"पाणीदादा, पाणीदादा, वाहून जा!"

"का गं?"

"भिंत काही सुकेना,
माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

पाणी म्हणालं, "मला काय इथे राहायची हौस आहे? मला ओढ्याला जायचंय. तिथे बेडूक माझी वाट बघतायत. पण नाली वाट देईल तर मी जाईन. नाहीतर नाही. जा, नालीला सांग."

आणि पाणी तिथेच बसलं. चुबुक.

गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण. माशी गेली नालीकडे.

"नालीताई, नालीताई, पाणी ने!"

"बुडबुडबुड... कोण बोलतंय? मोठ्यानं बोल. माझ्या कानात गाळ आहे."

माशी मोठ्यानं बोलली.

"पाणी हलता हलेना,
भिंत काही सुकेना,
माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

नाली म्हणाली, "ऐकलं, ऐकलं. वाईट वाटलं. पण माझ्या पोटात गाळ आहे. घशापर्यंत गाळ आहे. गाळ उठेल तर मी पाणी नेईन. नाहीतर नाही. जा, गाळाला सांग. बुडबुडबुड..."

माशीनं मागे वळून पाहिलं. ओल आणखी एक बोट चढली होती. राहिली तीन बोटं.

गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण. माशी गेली गाळाकडे.

"गाळोबा, गाळोबा, ऊठ बरं!"

"का गं?"

"नाली पाणी नेईना,
पाणी हलता हलेना,
भिंत काही सुकेना,
माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

गाळानं जांभई दिली. आऽऽऽ!

"मी आहे मऊ. मी आहे जाड. मी आपणहून कधी उठलोय का? मागच्या पावसात नाही उठलो. त्याच्या मागच्या पावसातही नाही. फावडं काढेल तर मी उठेन. नाहीतर नाही. जा, फावड्याला सांग."

आणि गाळ पुन्हा झोपला. पचक.

गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण. माशी गेली फावड्याकडे.

फावडं दाराशी उभं होतं. भिंतीला टेकून उभं होतं. केव्हापासून? उन्हाळ्यापासून!

"फावडेदादा, फावडेदादा, गाळ काढ!"

"का गं?"

"गाळ नाली सोडेना,
नाली पाणी नेईना,
पाणी हलता हलेना,
भिंत काही सुकेना,
माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

फावडं म्हणालं, "मी तर तयार आहे. केव्हाचं तयार आहे. उभं राहून राहून माझा दांडा दुखला. पण मला हात कुठे आहेत? जनूतात्या मला धरतील तर मी गाळ काढीन. नाहीतर नाही. जा, जनूतात्यांना सांग."

बघा! भिंतीला कळलं. पाण्याला कळलं. नालीला कळलं. गाळाला कळलं, फावड्यालाही कळलं. पण हललं कुणी?

कुणीच नाही.

हलली ती फक्त ओल. राहिली दोन बोटं.

आता जनूतात्या कोण? ऐका. एक बोळ आहे. बोळाच्या उजवीकडे जनूतात्यांचं घर. बोळाच्या डावीकडे शेवंताकाकूंचं घर. माशीचं घर शेवंताकाकूंच्या भिंतीवर. आणि मधल्या बोळात नाली.

नाली कुणाची? दोघांची.

गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण. माशी गेली जनूतात्यांकडे.

तात्या कपाट ढकलत होते. ढर्र... ढर्र... कपाटामागची भिंत ओली. कपाटातल्या गोधड्याही ओल्या. तात्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"जनूतात्या, जनूतात्या, फावडं धरा!"

"का गं माशे?"

"फावडं गाळ काढेना,
गाळ नाली सोडेना,
नाली पाणी नेईना,
पाणी हलता हलेना,
भिंत काही सुकेना,
माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

तात्यांनी कपाट सोडलं. कमरेवर हात ठेवले.

"मी? मी फावडं धरू? नाली काकूंची! नारळ सोलतात काकू आणि शेंड्या टाकतात नालीत! त्यांच्या शेंड्या मी काढू? मी काय त्यांचा गडी आहे? आधी शेवंताकाकू हात लावतील. मग मी फावडं धरीन. नाहीतर नाही. जा, शेवंताकाकूंना सांग."

आणि तात्यांनी कपाट पुन्हा ढकललं. ढर्र... ढर्र...

ओल चढली. राहिलं एक बोट. एकच बोट!

गुण्ण गुण्ण गुण्ण गुण्ण! माशी घाईघाईनं शेवंताकाकूंकडे गेली.

काकू स्टुलावर उभ्या होत्या. भिंतीवर ओलीचा डाग पडला होता. हा एवढा, सुपाएवढा! काकू त्या डागावर कॅलेंडर लावत होत्या. एका हातात खिळा, एका हातात बत्ता. ठोक ठोक. ठोक ठोक. डाग झाकला की झालं! कुणाला दिसायला नको!

"शेवंताकाकू, शेवंताकाकू, नालीला हात लावा!"

"का गं माशे?"

"तात्या फावडं धरेनात,
फावडं गाळ काढेना,
गाळ नाली सोडेना,
नाली पाणी नेईना,
पाणी हलता हलेना,
भिंत काही सुकेना,
माझं घर टिकेना!
आत माझी तीन बाळं!"

काकू म्हणाल्या, "मी? मी हात लावू? अगं, नालीत पानं कुणाची? त्यांच्या फणसाची! फणस द्यायच्या वेळी एक गरा देत नाहीत. पानं मात्र सगळी आम्हाला! आधी जनूतात्या फावडं धरतील. मग मी हात लावीन. नाहीतर नाही. जा, जनूतात्यांना सांग."

ठोक ठोक. ठोक ठोक.

माशी हवेत थांबली.

तात्या म्हणतात, काकूंना सांग. काकू म्हणतात, तात्यांना सांग. आता जायचं कुणाकडे? पुढे कुणी उरलंच नाही!

माशी उडत खिडकीपाशी आली. घराकडे पाहिलं.

ओल तिसऱ्या खोलीला टेकली होती.

खोलीची कड मऊ झाली. मातीचा एक कण सुटला. टप्. दुसरा कण सुटला. टप्.

आत बाळ झोपलेलं. त्याला काहीच ठाऊक नाही.

आता मात्र माशी रडली नाही. माशी चिडली! अश्शी चिडली! ती परत काकूंच्या घरात शिरली. काकूंच्या नाकासमोर आली. गुण्णण्णण्ण!

"तात्यांना सांगितलं! कधीच सांगितलं! तात्या काय म्हणाले ऐका. म्हणाले, नाली काकूंची! म्हणाले, शेंड्या काकूंच्या! म्हणाले, मी काय त्यांचा गडी आहे? म्हणाले, आधी शेवंताकाकू हात लावतील! मग मी फावडं धरीन! नाहीतर नाही!"

शब्दाला शब्द. जसंच्या तसं. एकही शब्द गाळला नाही.

काकूंच्या हातातला खिळा पडला. टिंग!

"काय म्हणाले? नाली माझी?"

"हो."

"नाली माझी म्हणाले?"

"दोनदा नाही म्हणाले. एकदाच म्हणाले."

काकू स्टुलावरून उतरल्या. पदर खोचला. तरातरा तरातरा बाहेर आल्या. बोळात उतरल्या. पाणी घोट्यापर्यंत. चुबुक चुबुक.

"अहो जनूतात्या! बाहेर या! नाली कुणाची म्हणालात?"

तात्या दारात आले. "तुमची म्हणालो! आणि पुन्हा म्हणतो!"

"माझी? मग यातली पानं कुणाची?"

"कुठली पानं? मला एकही पान दिसत नाही!"

"दिसत नाही? दाखवते! द्या इकडे ते फावडं!"

काकूंनी फावडं ओढलं. नालीत घातलं. खचाक! गाळ वर काढला. पचाक!

"हे बघा! फणसाचं पान! तुमचं!"

खचाक! पचाक!

"हे आणखी एक! तुमचं! हे बघा, हे पण तुमचं! आणि हे सगळं घमेलंभर, तुमचं, तुमचं, तुमचं!"

तात्या लाल झाले. बोळात उतरले. चुबुक चुबुक.

"थांबा! आणा इकडे!"

त्यांनी फावडं ओढलं. नालीत घातलं. खचाक! गाळ वर काढला. पचाक!

"ही काय? नारळाची शेंडी! तुमची!"

खचाक! पचाक!

"ही दुसरी! तुमची! आमच्याकडे नारळ आहे का? आहे का एक तरी झाड? मग ही कुणाची? तुमची, तुमची, तुमची!"

"आणा इकडे!" काकू म्हणाल्या. खचाक! पचाक! "तुमचं!"

"आणा इकडे!" तात्या म्हणाले. खचाक! पचाक! "तुमची!"

"तुमचं!"

"तुमची!"

खचाक! पचाक! खचाक! पचाक!

माशी वर घिरट्या घालत होती. एक डोळा भांडणावर. एक डोळा तिसऱ्या खोलीवर. आणखी एक कण सुटला. टप्.

"भांडा, भांडा," माशी म्हणाली. "पण लवकर भांडा!"

गाळाचा ढीग झाला. तात्यांच्या गुडघ्याएवढा झाला. काकूंच्या कमरेएवढा झाला.

मग फावड्याला काहीतरी लागलं. खट्ट!

काकूंनी वाकून वर काढलं. ती होती चप्पल. एकच चप्पल. उजव्या पायाची, मोठी.

"ही कुणाची?"

तात्यांनी चप्पल पाहिली. मागच्या वर्षी ती हरवली होती. मागच्या वर्षी तात्यांनी तिच्यासाठी अख्ख्या आळीतल्या कुत्र्यांना शिव्या घातल्या होत्या.

तात्या गप्प.

काकू हसणार होत्या. हसायला तोंड उघडलंसुद्धा. पण तात्यांनी फावडं घातलं. खट्ट! आणखी काहीतरी वर आलं. ती होती पळी. पितळेची, लांब दांड्याची.

"आणि ही कुणाची?"

काकूंनी पळी पाहिली. खरकट्याबरोबर ती कोणी टाकली होती, ते काकूंना चांगलं माहीत होतं.

काकू गप्प.

तात्या गप्प. काकू गप्प. बोळात कुणीच बोलेना.

मग नालीच बोलली.

गुडगुड... गुडगुड... गुडगुडगुड... सूऽऽऽऽ!

आणि मग काय झालं?

फावड्यानं गाळ काढला,
गाळानं नाली सोडली,
नालीनं पाणी नेलं,
पाणी निघालं ओढ्याला!

चुळुक चुळुक, झुळुक झुळुक! पाणी तात्यांच्या पायांवरून गेलं. काकूंच्या पायांवरून गेलं. फणसाची पानं गेली नाचत. शेंड्या गेल्या लोळत. पाणी बोळातून बाहेर पडलं. ओढ्यात उतरलं. धबाक! बेडूक म्हणाले, "डरांव! किती हा उशीर!"

भिंतीचे पाय मोकळे झाले.

भिंत लगेच सुकली का? नाही. भिंत अशी लगेच सुकत नसते. माशीला ते ठाऊक होतं.

तिनं गाळाच्या ढिगावरून चिखल उचलला. इवलासा गोळा. गुण्ण गुण्ण. तिसऱ्या खोलीच्या कडेला लावला. पुन्हा गेली. पुन्हा आणला. पुन्हा लावला. दिवसभर लावला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ओल एक बोट खाली गेली.

तिसऱ्या दिवशी वारा आला. ओल आणखी खाली गेली. भिंत म्हणाली, "आक्... आक्... अरे! शिंक गेली की!"

चौथ्या दिवशी आभाळ आलं. गडड गडड!

माशी तिसऱ्या खोलीकडे झेपावली. पुन्हा पाऊस? पुन्हा पाणी? पुन्हा ओल?

रपरप रपरप. पाऊस आला.

इकडून दार वाजलं. करकर. काकू बाहेर आल्या, डोक्यावर इरलं घेऊन.

तिकडून दार वाजलं. करकर. तात्या बाहेर आले, छत्री घेऊन.

दोघं नालीपाशी आले. नालीच्या तोंडाशी काय होतं? एक पान आणि एक शेंडी.

"मी फक्त बघायला आलो होतो," तात्या म्हणाले.

"मी पण," काकू म्हणाल्या.

तात्यांनी शेंडी उचलली. काकूंनी पान उचललं. तुमचं कुणीच म्हणालं नाही. तुमची कुणीच म्हणालं नाही.

गुडगुड... सूऽऽऽऽ! पाणी थांबलंच नाही. सरळ ओढ्याला गेलं.

आणि ओल? ओल वर चढली का?

एक बोटसुद्धा नाही. अर्धं बोटसुद्धा नाही.

मग आला आठवा दिवस. माशी खोल्यांसमोर बसली. कान देऊन बसली.

टुक्!

पहिली खोली फुटली. एक बाळ बाहेर आलं. पाय पिवळे पिवळे. गुण्ण!

टुक्!

दुसरी खोली फुटली. दुसरं बाळ बाहेर आलं. गुण्ण!

तिसरी खोली?

तिसरी खोली गप्प.

माशी जवळ गेली. तिसरी खोली गप्पच. हिचीच कड भिजली होती ना? हिचेच कण सुटले होते ना? माशीनं भिंतीला कान लावला. बाळांनीही कान लावला. तुम्हीही लावा. श्शू... काही ऐकू येतंय?

काही नाही.

अजून काही नाही.

खुर्र... खुर्र... खुर्र...

टुक्!

तिसरं बाळ बाहेर आलं! डोक्यावर मातीचा टोप! त्यानं पंख झटकले. फर्रर्र!

"आई," ते म्हणालं, "बाहेर केवढा आवाज होता गं! मला झोपू पण दिलं नाही!"

माशी हसली. तिघांना घेऊन उडाली. गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण, गुण्ण गुण्ण.

पाणी लागलं वाटेला,
भिंत लागली वाळायला,
बाळं लागली उडायला,
गोष्ट लागली संपायला!